आधी भिंत, मग घड्याळ

लंबकाचे घड्याळ घ्यायला निघालेला माणूस पेटीचे लाकूड पाहतो, तबकडीवरचे रोमन आकडे पाहतो, टोल्याचा आवाज ऐकतो आणि भाव करायला लागतो. घड्याळ लागणार कोणत्या भिंतीवर, हा प्रश्न त्याला घरी आल्यावर पडतो, आणि तोही ते सोफ्याच्या वर शोभेल की टीव्हीच्या बाजूला, एवढ्यापुरताच. क्रम उलटा हवा. लंबकाचे घड्याळ दुकानात पूर्ण झालेले नसते, ते भिंतीवर पूर्ण होते. त्याची वेळ ठरवणाऱ्या काही गोष्टी पेटीच्या आत असतात आणि काही बाहेर: भिंतीचा भक्कमपणा, खोलीतली हवा आणि दर आठवड्याला किल्ली देणारा हात. बाहेरच्या या तीन गोष्टी जमल्या नाहीत तर उत्तम यंत्रही नीट चालत नाही. जमल्या तर साधे यंत्रही वर्षानुवर्षे समाधान देते. मुंबईतल्या कांजूरमार्गसारख्या वस्तीत हे तपासून पाहण्याजोगे आहे. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्यावर मेट्रोचे खांब, पूर्वेला द्रुतगती महामार्ग, मधून मध्य रेल्वेचे रूळ, आणि महामार्गापलीकडे मिठागरे, खारफुटी व ठाण्याची खाडी. घरे म्हणाल तर जुन्या बैठ्या चाळी, विटांच्या चार मजली इमारती आणि कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, सगळे एका स्टेशनाच्या परिसरात. घड्याळ एकच असले तरी या तीन घरांत ते तीन तऱ्हांनी वागेल.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करायला हवा. आज दुकानांत लंबक हलवणारी जी घड्याळे दिसतात, त्यांतली बहुतेक क्वार्ट्झ घड्याळे असतात. त्यांची वेळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक ठरवतो. खाली हलणाऱ्या लंबकाला बॅटरीवर चालणारी एक छोटी विद्युतचुंबकीय योजना धक्का देत असते आणि काट्यांशी त्याचा काही संबंध नसतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: लंबक हाताने धरून थांबवावा. काटे तरीही चालत राहिले तर लंबक शोभेचा. असे घड्याळ घेण्यात काही चूक नाही. फक्त पुढे येणारे बहुतेक नियम त्याला लागू नाहीत. ते कोणत्याही भिंतीवर, कसेही टांगले तरी चालते. खऱ्या लंबकाच्या घड्याळात मात्र लंबक हाच कालमापक असतो. कमानीतली म्हणजे स्प्रिंगमधली, किंवा वजनातली शक्ती दातेरी चाकांमधून शेवटच्या चाकापर्यंत येते. त्या चाकाच्या वर जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक तुकडा बसवलेला असतो. लंबकाच्या प्रत्येक झोक्याला तो चाकाचा एक दात सोडतो, पुढचा अडवतो आणि सोडता सोडता लंबकाला बारीकसा धक्का परत देतो. टिक आणि टॉक हा त्या अडण्याचाच आवाज. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये लंबकाचे पहिले घड्याळ तयार केले, तेव्हा दिवसाला सुमारे पाव तास चुकणारी यंत्रे पाव मिनिटाच्या आसपास आली. घड्याळाच्या अचूकतेत इतकी मोठी झेप त्याआधी क्वचितच घेतली गेली असेल.

लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: त्याची लांबी आणि त्या जागचे गुरुत्वाकर्षण. गोळा जड की हलका याने जवळजवळ फरक पडत नाही. जाऊन येऊन दोन सेकंद घेणारा लंबक मुंबईत सुमारे ९९.१ सेंटिमीटर लांब लागतो. घरगुती घड्याळांत बऱ्याचदा आढळणारा एक सेकंदाचा लंबक साधारण पंचवीस सेंटिमीटरचा. या पंचवीस सेंटिमीटरमध्ये एका मिलिमीटरचा फरक पडला तर घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे चुकते. म्हणूनच गोळ्याखालच्या बारीक स्क्रूला इतके महत्त्व. जागेचा परिणामही तितकाच खरा आहे. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या काएन बेटावर गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर लावलेले त्याचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे, याचा तो पहिला ठोस पुरावा ठरला. हाच हिशेब मुंबईला लावला तर लंडनमध्ये बरोबर चालणारे घड्याळ तसेच्या तसे इथे टांगल्यावर दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडायला हवे. उपाय म्हणजे गोळा पाऊण मिलिमीटरहूनही कमी वर घ्यायचा. इतकेच कशाला, कांजूरच्या एखाद्या टॉवरमध्ये शंभर मीटर उंचीवर राहणाऱ्याचे घड्याळ तळमजल्यावरच्या तशाच घड्याळापेक्षा दिवसाला सेकंदाहून थोडे अधिक मागे राहील. व्यवहारात हे नगण्य आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. घड्याळ विकणाऱ्याने 'बरोबर लावून दिले आहे' असे कितीही सांगितले तरी ते त्याच्या दुकानात बरोबर असते. तुमच्या घरी ते पुन्हा लावावेच लागते.

हायगेन्सच्याच एका निरीक्षणातून भिंतीचे महत्त्व उघड होते. १६६५ मध्ये तो आजारी होऊन अंथरुणावर पडला होता, तेव्हा खोलीत एकाच आधारावर टांगलेली त्याची दोन घड्याळे त्याच्या नजरेसमोर होती. त्यांचे लंबक अगदी एका तालात, पण विरुद्ध दिशांना हलत होते. एकाचा ताल मुद्दाम बिघडवला तरी अर्ध्या तासाच्या आत दोघे पुन्हा जुळत. कारण त्याने शोधून काढले: दोन्ही घड्याळे ज्या आधारावर होती तो आधार डोळ्यांना न दिसण्याइतका हलत होता आणि त्या हालचालीतून एकाचा झोका दुसऱ्यापर्यंत पोहोचत होता. याचा अर्थ असा की लंबक पेटीलाही हलवतो आणि पेटी भिंतीला हलवू पाहते. आधार भक्कम असेल तर ही शक्ती परत लंबकाकडेच राहते. आधार सैल असेल तर ती आधारात जिरते, झोका लहान होतो आणि शेवटी घड्याळ बंद पडते. वजनांवर चालणाऱ्या घड्याळांत हा प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. वजने खाली उतरत उतरत लंबकाच्या लांबीइतकी लोंबू लागली की तीही लंबकाच्या तालावर हलू लागतात आणि त्याची शक्ती खातात. पेटी नीट घट्ट नसेल तर असे घड्याळ दर आठवड्याला ठरावीक दिवशीच थांबते. घरचे लोक यंत्राला दोष देतात, घड्याळजी यंत्र उघडतो, त्यात काही सापडत नाही. दोष असतो खिळ्यात.

कांजूरमार्गच्या घरांच्या भिंती या दृष्टीने पाहाव्यात. जुन्या इमारतींतली नऊ इंची विटांची भिंत उत्तम. तिच्यात गिट्टी घालून बसवलेला चांगला स्क्रू आठ-दहा किलोचे घड्याळ आरामात पेलतो. खोल्यांमधली साडेचार इंची भिंतही चालते, पण दाराच्या चौकटीपासून दूर, कारण दार आपटले की हीच भिंत सगळ्यात जास्त हादरते. टॉवरमध्ये दोन प्रकार आढळतात. काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्यांना मिस्त्री लोक माइव्हान म्हणतात. ड्रिल करायला त्या त्रासदायक असतात, पण एकदा भोक पडले की घड्याळासाठी त्यांच्यासारखा आधार नाही. फक्त विजेच्या नळ्या याच भिंतीत गाडलेल्या असतात, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये. दुसरा प्रकार हलक्या एएसी ब्लॉकचा. त्या सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा खिळा काही महिन्यांत सैल होतो. तिथे लांब प्लॅस्टिकची गिट्टी आणि तितकाच लांब स्क्रू लागतो. जिप्समच्या पोकळ आडभिंतीवर लंबकाचे घड्याळ लावूच नये. चाळीतल्या लाकडी फळ्यांच्या आडभिंतीचेही तेच. एका बाजूचा माणूस चालला तरी ती थरथरते. अशा घरात रस्त्याच्या किंवा जिन्याच्या बाजूची मूळ भिंतच निवडावी. शिवाय बाहेरच्या ज्या भिंतीतून पावसाळ्यात ओल येते, जिच्यामागे न्हाणीघर आहे आणि जिच्याजवळ फोडणीचा धूर येतो, त्या तिन्ही भिंती यादीतून आधीच काढाव्यात.

इथे एक आक्षेप येणार: रूळ आणि महामार्ग इतके जवळ असताना भिंतीचा एवढा विचार करून उपयोग काय? सगळी इमारतच हादरते. पण कंपने एका जातीची नसतात. लोकलने किंवा ट्रकने जमिनीत निर्माण होणारी कंपने जलद असतात, सेकंदाला दहा-वीस किंवा त्याहून जास्त वेळा होणारी. लंबक सेकंदाला जेमतेम एकदा झोका घेतो. इतक्या वेगळ्या तालाच्या हालचालीला तो सहसा दाद देत नाही. लंबकाला बिघडवणारी हालचाल त्याच्याच तालाच्या जवळपासची, मंद असते, आणि ती सैल खिळ्यावर डोलणाऱ्या पेटीतून येते. म्हणजे आगगाडीचा धोका थेट नाही, आडून येणारा आहे. रोजच्या थरथरीने पेटी खिळ्यावर एक-दोन मिलिमीटर सरकते, घड्याळ किंचित तिरके होते, टिक आणि टॉकमधले अंतर बिघडते आणि काही आठवड्यांनी ते थांबते. त्यावरचा उपायही तितकाच साधा आहे: पेटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी टोकदार स्क्रू बसवून ती भिंतीशी बांधून टाकायची. चांगल्या जुन्या घड्याळांच्या पेट्यांना हे स्क्रू मुळातच दिलेले असतात. ते टिकवून ठेवले असतील तर विक्रेत्याबद्दल आदर वाढायला हरकत नाही.

भिंतीनंतर हवा. मुंबईच्या हवेत यांत्रिक घड्याळ टिकत नाही, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. तापमानापुरते पाहिले तर मुंबई लंबकासाठी चांगली जागा आहे. तापमान वाढले की लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. पोलादी दांडी असेल तर एका अंशाला दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद, पितळी असेल तर सुमारे पाऊण सेकंद. जानेवारीतले सरासरी २४ अंश आणि मे महिन्यातले सरासरी ३० अंश यांत फरक फक्त सहा अंशांचा आहे. म्हणजे वर्षभरात पोलादी दांडीने पडणारा फरक दिवसाला तीन सेकंदांच्या आसपास. थंडीच्या देशांत हिवाळा आणि उन्हाळा यांतली दरी याहून पुष्कळ मोठी असते. खरा शत्रू आहे दमट हवा. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे बदलत नाही, पण आडवे फुगते. त्यामुळे पेटीचे दार अडकते आणि कधीकधी पेटीच पिळल्यासारखी होऊन यंत्र तिरके होते. जुलैत बंद पडणाऱ्या घड्याळाचे यंत्र बिघडलेलेच असेल असे नाही. कांजूरच्या पूर्वेकडच्या घरांत यात दोन गोष्टींची भर पडते. खाडीच्या वाऱ्यातला खार पोलादाला गंज चढवतो. खाडीचा चिखल आणि कुजणारा कचरा यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे-पितळ काळवंडवतो. काळवंडलेले पितळ दिसायला वाईट, पण चालायला फारसे नाही. गंज मात्र जीवघेणा, विशेषतः लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लोंबकळतो त्या पट्टीला. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच जाड असते आणि गंजली की तुटते.

मग उपाय काय? पेटीची काच आणि तिच्या कडा घट्ट हव्यात, म्हणजे धूळ आणि वारा आत शिरणार नाही. तडा गेलेली काच लगेच बदलावी. पंख्याच्या थेट झोतात किंवा एसीच्या समोर घड्याळ नको. रात्रभर एसी चालणाऱ्या आणि सकाळी खिडक्या उघडल्या जाणाऱ्या शयनगृहात थंड धातूवर दमट हवा येऊन दव जमण्याचा धोका असतो. त्यापेक्षा दिवाणखान्याची आतली भिंत बरी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतात, पण त्या काही आठवड्यांत ओल्या होतात. वाळवून पुन्हा ठेवायची तयारी नसेल तर त्यांचा उपयोग नाही. पावसाळ्याआधी पेटीच्या मागची बाजू वाळवीसाठी तपासावी आणि भिंत व पेटी यांमध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवावी. ही काळजी अशक्य कोटीतली नाही, याचा पुरावा शहरातच उभा आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरमधले घड्याळ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, उघड्या मैदानाच्या कडेला, शतकाहून अधिक काळ शहराला वेळ सांगत आले आहे. ते इतके टिकले ते तिथल्या धातूला गंज चढत नाही म्हणून नव्हे, तर त्याची निगा राखणारे हात एकामागून एक मिळत गेले म्हणून.

भिंत आणि जागा ठरली की घड्याळ निवडणे सोपे होते, कारण अर्धे पर्याय आपोआप बाद होतात. वजनांवर चालणारे घड्याळ शेवटपर्यंत सारख्या शक्तीने चालते, म्हणून वेळेला अधिक विश्वासू. पण त्याला उंच पेटी, उंच मोकळी भिंत आणि भक्कम आधार हवा. कमानीचे घड्याळ आटोपशीर असते. कमान सैल होत जाईल तसा झोका बदलतो, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच्या चालीत थोडा फरक पडतो. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये आठ दिवसांची किल्ली लागणारे, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास लंबकाचे कमानीचे घड्याळ बहुधा सगळ्यात योग्य. नवी यांत्रिक घड्याळे महाग आणि मोजकी मिळतात, त्यामुळे बहुतेकांची पावले चोर बाजारासारख्या जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे मिळणाऱ्या घड्याळांवर अमेरिकेच्या अन्सोनिया व सेठ थॉमस, जर्मनीच्या युंगहान्स किंवा जपानच्या सेइकोशा कंपन्यांची नावे दिसतात. नावावर जाऊ नये. पेटी एका घड्याळाची, तबकडी दुसऱ्याची आणि यंत्र तिसऱ्याचे, अशी जुळणी जुन्या मालात सर्वत्र होते. खरी जुळणी पाहायची ती लंबक आणि यंत्राची. यंत्रातल्या चाकांच्या दातांनी लंबकाची लांबी ठरवून टाकलेली असते. पंचवीस सेंटिमीटरच्या जागी एक सेंटिमीटर जास्त लांबीचा लंबक बसवला तर घड्याळ दिवसाला जवळजवळ अर्धा तास मागे पडते आणि तेवढी दुरुस्ती स्क्रूने होत नाही. म्हणून घड्याळ विकणाऱ्याकडेच निदान दोन-तीन दिवस चालते ठेवायला सांगावे आणि वेळ जुळते का पाहावे. काटा पुढे नेत बाराही टोले ऐकावेत. मागची पट्टी उघडता आली तर चाकांच्या आसांची भोके गोल आहेत की झिजून लांबट झाली आहेत, ते पाहावे. लांबट भोके म्हणजे मोठा खर्च. पेटीवरचे ओरखडे मात्र सहज माफ करावेत.

घड्याळ आणताना लंबक काढून वेगळा आणायचा. लावलेल्या लंबकासह नेले की ती पातळ पट्टी तुटते. टांगल्यावर लंबक अडकवून हलवायचा आणि डोळे मिटून ऐकायचे. टिक आणि टॉक यांमधली अंतरे अगदी सारखी हवीत. लंगडत चालल्यासारखा ठोका आला तर पेटीचा खालचा भाग हळूहळू डावीकडे किंवा उजवीकडे सरकवावा. ठोका सारखा आला की तिथेच खालचे स्क्रू घट्ट करावेत. ओळंब्याने पाहता पेटी किंचित तिरकी दिसली तरी आधी ठोक्यावर विश्वास ठेवावा. पेटी सरळ करायची असेल तर लंबकाला ढकलणारी दांडी घड्याळजीकडून जुळवून घ्यावी. मग वेळ लावायची. गोळा खाली केला की घड्याळ मागे पडते, वर केला की पुढे जाते. इथे बहुतेकांची चूक घाईची असते. सकाळी लावले, संध्याकाळी दोन मिनिटांचा फरक दिसला, लगेच स्क्रू फिरवला. किल्ली दिल्यापासून पुढच्या किल्लीपर्यंतच्या पूर्ण आठवड्याचा फरक मोजावा, स्क्रू अर्धा फेरा फिरवावा आणि आणखी एक आठवडा थांबावे. महिन्याभरात आठवड्याला मिनिटभराच्या आत घड्याळ आले तर घरगुती यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

निगेचा गाभा नियमितपणा आहे. आठ दिवसांच्या घड्याळाला दर सातव्या दिवशी, ठरावीक वारी किल्ली द्यावी. म्हणजे कमान दर आठवड्याला त्याच पट्ट्यात काम करते आणि चाल सारखी राहते. जास्त किल्ली दिली म्हणून घड्याळ बिघडले, ही समजूत चुकीची आहे. कमान पूर्ण भरली की ती थांबते, तिथे आपणही थांबायचे. पूर्ण भरूनही घड्याळ चालत नसेल तर कारण बहुधा वाळलेले तेल आणि धूळ असते. तेल आणि धूळ मिसळून घासणारा लेप होतो आणि आसांची भोके तोच खातो. म्हणून खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल यंत्रावर सोडणे हा प्रेमाने केलेला घात आहे. खोबरेल काही काळाने चिकट होते, आणि दातांवर तेल लागले की तिथे धूळ जमते. घड्याळाच्या खास तेलाचा एकेक बारीक थेंब फक्त आसांच्या टोकांना द्यायचा असतो. तीन ते पाच वर्षांनी घड्याळजीकडून यंत्र खोलून साफ करून घ्यावे. टोल्यांच्या घड्याळात मिनिटकाटा बाराच्या मागे उलटा फिरवू नये. काही जुन्या यंत्रांत टोल्यांची मोजणी वेळेपासून स्वतंत्र असते, त्यामुळे ती एकदा चुकली की पाचला सात टोले पडतात. तिथे टोल्याची कळ हलकेच उचलून मोजणी जुळवतात. फक्त तासाचे टोले असतील तर दिवसाला १५६, अर्ध्या तासाचा एक टोला धरला तर १८०. पातळ भिंतीच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या झोपेचा हिशेबही याच आकड्यांत असतो. टोले नको असतील तर टोल्यांच्या बाजूला किल्लीच देऊ नये. वेळेची बाजू स्वतंत्र असल्यामुळे बहुतेक घड्याळांत ती चालत राहते.

शेवटचे दोन आक्षेप. वास्तूचे नियम सांगणारे घड्याळाला दिशा ठरवून देतात. घड्याळाला दिशा कळत नाही, भिंत कळते. ज्यांना दिशा पाळायची असेल त्यांनी त्या दिशेची सर्वांत भक्कम आणि कोरडी भिंत निवडावी, म्हणजे वादच राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मोबाइल आणि क्वार्ट्झ दोन्ही याहून अचूक वेळ देत असताना इतका खटाटोप कशासाठी? अचूकतेच्या कसोटीवर हा आक्षेप बिनतोड आहे आणि त्याला उत्तर देण्याचा प्रयत्नही करू नये. ज्याला फक्त वेळ पाहायची आहे त्याने क्वार्ट्झ घ्यावे. ज्याला हलणाऱ्या लंबकाचा देखावा हवा आहे त्यानेही क्वार्ट्झच घ्यावे, कारण त्यात पैसे आणि त्रास दोन्ही वाचतात. खरे लंबकाचे घड्याळ त्यांच्यासाठी आहे, ज्यांना वेळ मोजली कशी जाते ते डोळ्यांसमोर चाललेले पाहायचे आहे, आणि उघडून दुरुस्त करता येणारी एक वस्तू पुढच्या पिढीला द्यायची आहे. सुटा भाग मिळत नसेल तर घड्याळजी तो घडवून बसवतो. क्वार्ट्झचे यंत्र बिघडले की आख्खे बदलावे लागते. पण हा फायदा मिळवायचा तर जबाबदारीही घ्यावी लागते. दर आठवड्याला किल्ली द्यायला घरात कोणी नसेल, घर वरचेवर बदलावे लागत असेल किंवा एकही कोरडी, भक्कम भिंत मोकळी नसेल, तर घड्याळ कितीही सुंदर असले तरी घेऊ नये. या तिन्ही अडचणी नसतील, तर बाजारात जाण्यापूर्वी भिंतीवर जागा आखून ठेवा, तिची उंची-रुंदी कागदावर लिहून खिशात ठेवा आणि त्या मापात बसणारे घड्याळच पाहा.